क्लास एबी की क्लास डी: अँप्लिफायर घेण्याआधी दुरुस्तीचा विचार

अँप्लिफायर घ्यायचा म्हटलं की बोलणं वॅटवर सुरू होतं आणि वॅटवरच संपतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की बिघडल्यावर तो उघडणार कोण? एबी (यात आउटपुट ट्रान्झिस्टर सिग्नलबरोबर कमी-जास्त वाहतात) आणि डी (यात ते भराभर चालू-बंद होतात) यांतला खरा फरक तिथे कळतो.

उष्णतेच्या बाबतीत डीचा हात कोणी धरू शकत नाही. स्पीकरला 100 वॅट देताना 60 टक्के कार्यक्षमतेचा एबी सुमारे 165 वॅट ओढतो, म्हणजे 65 वॅट नुसते हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापवण्यात जातात. 90 टक्क्यांच्या डीमध्ये हेच जेमतेम 11 वॅट. त्यामुळे डी हलका, आटोपशीर. सारखा इकडून तिकडे न्यायचा असेल किंवा सबवूफरमध्ये बसवायचा असेल तर डीच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

जुळणीत मात्र एबी थोडी मेहनत मागतो. त्याचा बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट, लावावा लागतो. पहिल्यांदा चालू करताना मी बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) सर्वात कमी करंटवर ठेवतो आणि करंट आवरायला मेनच्या वायरमध्ये सिरीज बल्ब लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंदावला असेल तरच बल्ब काढायचा, इनपुट आणि स्पीकर सोडवून ठेवायचे आणि आउटपुट ट्रान्झिस्टरच्या 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मल्टिमीटर लावायचा. 11 मिलिव्होल्ट दिसले की करंट 50 मिलिअँपिअर. किती ठेवायचा ते सर्किटवर ठरतं. प्रीसेट केसभर फिरवला तरी आकडा उडी मारतो, शिवाय हीटसिंक तापेल तसा तो सरकत राहतो. म्हणून वीसेक मिनिटांनी पुन्हा बघायचं. डीमध्ये हे काहीच नाही. वायर जोडा, चालू करा.

देखभाल दोघांची साधीच: धूळ काढा, हवेला वाट ठेवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मं होतं, त्यामुळे गरम चालणाऱ्या एबीत ते हीटसिंकला चिकटून नसावेत.

दुरुस्तीला बसलं की पारडं फिरतं. एबीमध्ये दोष मीटरने पायरी-पायरीने शोधता येतो. चालू केल्यावर रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा) ‘टिक’ आला नाही, तर आधी आउटपुटवर डीसी आहे का ते मोजा, मग वीज काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत का ते तपासा. मी एकदा आउटपुट ट्रान्झिस्टरची उडालेली जोडी बदलली आणि तिला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासायचा राहिला. नवी जोडीही गेली. तेव्हापासून ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टर मोजल्याशिवाय मी आउटपुटला हात लावत नाही.

डीमध्ये सगळं एका चिपमध्ये आणि तिच्याभोवतीच्या बारीक भागांत असतं. चिपच्या पोटाखाली सोल्डर असेल तर हॉट एअरशिवाय (गरम हवेने सोल्डर वितळवणाऱ्या यंत्राशिवाय) ती निघत नाही. बहुतेकदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. त्यात स्विचिंग सप्लाय (वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा) असेल तर 230 व्होल्टच्या मेनवर त्याच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. नवशिक्याने इथे शिकू नये. सिरीज बल्बही इथे फसवतो, कारण व्होल्टेज पडलं की सप्लाय बंद-चालू होत राहतो. शिवाय अनेक डी अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. त्यातली एक अर्थला लागली तर चिप जाऊ शकते.

एका जागी ठेवून वर्षानुवर्षं ऐकायचा असेल आणि हातात मल्टिमीटर धरायची आवड असेल, तर मी एबीच सुचवेन. जुना मिळत असेल तर इनपुट शॉर्ट करून ऐका. घूं घूं थांबली तर दोष बहुधा बाहेरच्या वायरिंगमध्ये, अर्थ लूपमध्ये (अर्थच्या दोन वाटांनी बनलेल्या वेटोळ्यात) आहे. तरीही राहिली, आणि 50 हर्ट्झच्या मेनवर ती 100 हर्ट्झची असेल, तर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर बदलायची तयारी ठेवूनच सौदा करा.