आमच्या गावची बचत गटाची पीठगिरणी: ज्वारी घ्यायची तर इथूनच

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी चार वर्षांपूर्वी पीठगिरणी टाकली. मी तिथली पहिल्या दिवसापासूनची गिऱ्हाईक. दळण काय, कुठेही मिळते. पण इथे गावच्याच वावरातली ज्वारी विकत मिळते, म्हणून हे लिहायला बसले.

आधी दळण. दगड फार आवळला की ज्वारीचं पीठ तापते, विरी जाते आणि भाकर थापता थापता काठाला फाटते. इथे पीठ डब्यात पडते तेव्हा हाताला कोमट लागते, कढत नाही. बेसन दळून झालं की दोन मुठी ज्वारी टाकून गिरणी साफ करतात आणि ते पीठ बाजूला काढतात. मिरची-हळद घेतच नाहीत. मागे मी शहरातल्या एका दुकानातून पाकिटातलं ज्वारीचं पीठ आणलं होतं. कडवट निघालं, एक भाकर धड उचलता आली नाही.

आता ज्वारीचं. आमच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशीच्या मधे ज्वारी शोधावी लागते. पेरली तर रानडुकरं ताटं लोळवतात, उरलं ते पाखरं खातात. कडब्यासाठी म्हणून दोन-चार घरं अजून पेरतात. गटाच्या बाया त्यांच्या वावरात जाऊन कणीस पाहून येतात आणि बाजारापेक्षा थोडा जास्त भाव देतात. दाणा पांढरा, टपोरा, खडा नाही. भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

या ज्वारीची खरी पारख मात्र एका परक्या लेकरानं केली. माझा मुलगा पुण्यात शिकतो. 2022 च्या दिवाळीत त्यानं आपला सुदानचा मित्र घरी आणला. तो पूर्व सुदानातल्या गेदारेफचा. आमची काळी, भेगाळलेली माती पाहून म्हणाला, आमच्याकडे अशीच आहे, आणि तिच्यात ज्वारीच येते. ते लोक तिला 'दुरा' म्हणतात. याच गिरणीच्या पिठाचा त्यानं माझ्या चुलीवर घट्ट घाटा शिजवला. त्यांच्याकडे तो 'असिदा'. वाळवलेल्या भेंडीच्या कालवणासोबत खातात म्हणाला. मी ताजी भेंडी करून दिली. पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ 'किसरा' पण करतात. त्यासाठी पीठ याहून बारीक लागते, हेही त्यानंच सांगितलं.

15 एप्रिल 2023 ला त्याच्या देशात सैन्य आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. आपल्या देशाच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष भरडधान्याचं म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी सुदानमध्ये ज्वारी, बाजरी, गहू मिळून 41 लाख टनांच्या आसपास पिकलं, आदल्या वर्षाच्या जवळपास निम्मं. पेरणीला कर्ज नाही, डिझेल परवडत नाही, अर्ध्या शिवारात जायची सोय नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पीक सावरलं. पण पूर्वेला गेदारेफमध्ये ज्वारी पिकली तरी पश्चिमेला दारफूरपर्यंत पोचावी कशी? रस्ते बंदुकवाल्यांच्या हातात. ऑगस्ट 2024 मध्ये दारफूरातल्या अल फाशेर शहराजवळ, घरं सोडून आलेल्या लोकांच्या झमझम छावणीत अन्नाचा दुष्काळ जाहीर झाला.

मुलाच्या त्या मित्राची मावशी अल फाशेरात होती. त्या शहराला मे 2024 पासून दीड वर्ष वेढा होता. लोक गल्लोगल्ली सार्वजनिक चुली चालवत होते, त्यांना 'तकाया' म्हणतात. दाणा संपला तेव्हा तिथे लोकांनी 'अंबाझ' खाल्लं. हा शब्द मला कळेना. मुलानं समजावलं, आई, शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती ढेप. आपल्या गोठ्यात असते ती. त्या दिवशी संध्याकाळी गाईपुढे ढेप ठेवताना माझे हात चालेनात. ऑक्टोबर 2025 मध्ये आरएसएफनं शहर घेतलं. मावशीचा पत्ता अजून लागला नाही.

म्हणून या गिरणीच्या कोठीत चाळीस पोती गावची ज्वारी असणं मला फार मोलाचं वाटते. रेशनचं धान्य येते, त्यावर घरं चालतात. पण ते दुरून येते. ही ज्वारी चार वावरं पलीकडची.

याच कोठीबद्दल तक्रारही आहे. पोती भिंतीला चिकटवून, थेट फरशीवर रचतात. मागच्या पावसाळ्यात खालच्या थरात सोंडे झाले आणि मला दोन पायल्या परत कराव्या लागल्या. बायांनी कुरकुर न करता बदलून दिल्या, पण खाली लाकडी फळ्या टाका हे मी तीनदा सांगितलं, अजून टाकल्या नाहीत. एक तारा त्याच्यासाठी कापते. शिवाय लाईन दिवसा कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा दळण सकाळीच टाका. मंगळवारी बाजारामुळे गर्दी असते.

गेल्या आठवड्यात मुलगा पुण्याला परत गेला. त्याच्यासोबत पाच किलो पीठ दिलं. तीन किलो भाकरीचं आणि दोन किलो वेगळ्या पिशवीत, बाईला थांबायला लावून दोनदा दळून घेतलेलं, किसरासाठी.