कचऱ्याचा डबा: दगड, कडी, पिंजरा की फ्रीझर?

म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी फाटा, देवळाली कॅम्प, त्र्यंबक रोड. नाशिक शहराच्या कडेला रो-हाऊस किंवा बंगला घेतलेल्या ओळखीच्यांचा फोन साधारण पहिल्या महिन्यातच येतो: "फाटकाशी डबा कसला ठेवलाय तुम्ही?" तोवर टाईल्स आणि मोड्युलर किचनपायी रात्री जागवून झालेल्या असतात. डबा मात्र भांडीबाजारातून येता येता उचललेला असतो. आमचंही तसंच झालं. निळी बादली, वर सैल झाकण. चौथ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर आदल्या दिवशीच्या मिसळीचे पाव, कांद्याची सालं आणि चहाचा चोथा शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेलेला. शेजारीणबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून सहा-सात प्रकार करून झाले. काही टिकले, काही पैसे वाया गेले. कुठला डबा चांगला, हे विचारण्याआधी रात्री कोण येतं ते बघा. सगळ्यांना पुरून उरणारा डबा मिळेल, पण तो घंटागाडीत रिकामा करायचाय, हे विसरू नका.

आधी चोर ओळखा

कुत्रं नाकाने येतं. डबा पाडतं, पिशवी फाडतं आणि आवडीचं तोंडात धरून दहा-पंधरा पावलांवर जाऊन खातं. कचरा रेघेने पसरलेला दिसला की समजावं, कुत्रं. डुक्कर आणि मोकाट गाय यांना झाकणाशी देणंघेणं नसतं. ते डबाच ढकलत नेतात, सकाळी तो गटारीत आडवा सापडतो.

घूस वरून येतच नाही. बुडाशी, कोपऱ्यात प्लॅस्टिक कुरतडून मुठीएवढं भोक पाडते. मोठी घूस किलोभराचीही असते आणि तिच्या दातांपुढे बादली म्हणजे पापड. आम्ही महिनाभर कुत्र्यांना शिव्या घातल्या. मग एकदा डबा धुवायला उलटा केला, तेव्हा खरा गुन्हेगार कळला.

उदमांजर जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या कौलांवरही असतं आणि मळ्यांच्या कडेलाही. रात्री भिंतीवरून येतं, चढण्यात पटाईत, पिकलेल्या फळांचं वेडं. पपईची सालं आणि केळी तेवढी गेलेली, बाकीचं जागच्या जागी, असं दिसलं तर बहुधा तेच. मुंगूस दिवसा येतं, अंड्याची टरफलं आणि मटणाचे तुकडे शोधतं. दोघांचा त्रास किरकोळ. मी तर उदमांजर दिसलं की लाईट बंद करून बघत बसतो.

राहिली माकडं. त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, सप्तशृंगी गड या बाजूला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना सांगायला नको. यांना हात आहेत. बाकी सगळ्यांसाठी झाकण हा अडथळा असतो. माकडासाठी ते कोडं असतं, आणि सोडवायला त्याच्याकडे अख्खा दिवस असतो.

बिबट्या कचरा खात नाही, पण...

जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला होता, ते अनेकांना आठवत असेल. असं काही झालं की कॉलनीच्या ग्रुपवर दिवे, भोंगे, कुंपण यांची चर्चा सुरू होते. कचऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्यामानाने बऱ्याच मागे. आता हेच आपल्या गल्लीला लावून बघा. उघडा डबा कुत्र्यांना रात्री एका जागी जमवतो, डुकरांना बोलावतो, आणि ऊस, नाला किंवा डोंगर जवळ असेल तर त्यांच्या मागावर कोण येतं हे वेगळं सांगायला नको. दारणा नदीकाठच्या गावांना ते चांगलंच ठाऊक आहे. म्हणून डबा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की रात्रीचं कुत्रं याच्याभोवती घुटमळेल का. आत शिरेल का हा दुसरा प्रश्न. नुसता वास बाहेर येत असेल तरी ते घुटमळतं.

झाकणावर दगड

फुकट आणि लगेच होणारं. एखाद-दुसरं कुत्रं असेल तर चालतंही. पण दगड झाकण दाबून धरतो, डबा धरत नाही. डबा आडवा झाला की दगड आधी पडतो, बहुतेक वेळा टाईलवर.

याचा एक किस्सा सिडनीचा आहे. तिथले पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीने उचलतात. २०१८ च्या आधी ही विद्या तीनच उपनगरांत होती. २०१९ संपेपर्यंत ती ४४ उपनगरांत पोचली, एकाचं बघून दुसरा शिकत गेला. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या. पक्ष्यांनी विटा ढकलायला शिकून घेतलं. मग काहींनी झाकणाच्या मागच्या बिजागरीत जुने बूट अडकवले, म्हणजे झाकण पूर्ण उलटतच नाही. बुटाची युक्ती मी करून पाहिली, कुत्र्यांसाठी दगडापेक्षा बरी निघाली. घरात मात्र ती कोणाला शोभेची वाटली नाही.

क्लिपचं झाकण

दुकानदार पहिल्यांदा हाच डबा पुढे करतो. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या क्लिपा, आत रबराची कड. या रबराच्या कडेचेच पैसे द्यायचे, कारण वास तीच अडवते. क्लिप उन्हात ठेवली की वर्ष-दीड वर्षात ठिसूळ होऊन तुटते. नाशिकचा एप्रिल-मे तिला मानवत नाही. माकडांपुढे ती टिकतच नाही.

ऑनलाईन विकताना 'अमुक प्राण्याला न उघडणारा' असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. कॅनडातल्या टोरोंटो शहराने २०१६ पासून रॅकूनला (हाताने उघडझाप करणारा तिथला मांजराएवढा रानटी प्राणी) उघडता येणार नाही अशा कडीचे ओल्या कचऱ्याचे डबे घरोघरी दिले. कल्पना सुंदर होती: गाडीने डबा उचलून उलटा केला की कडी आपोआप सुटते. तरी काही रॅकूननी ती उघडलीच. अमेरिकेत मोन्टाना राज्यात तर नवे डबे खऱ्या ग्रिझली अस्वलांपुढे टाकतात. साठ मिनिटं झोंबाझोंबी करूनही आतलं खाणं अस्वलाच्या हाती लागलं नाही तर डबा पास. असा डबा इथे आणला तर घंटागाडीवरचे दादा तो उचलणार कसा? पत्र्याच्या जाड ड्रमचंही तेच. साखळी-कुलूप घालून तो अभेद्य होतो खरा, पण उचलायला दोघं लागतात, आणि दोन पावसाळ्यांत बुडाला गंज धरून घुशीसाठी दार तयार होतं. ड्रम घेऊ नका.

उंच चाकांचा डबा, पण बांधलेला

१२० लिटरचा चाकांचा डबा साधारण ९३ सेंटीमीटर उंच असतो. एका घराला तो मोठाच, पण दोन-तीन रो-हाऊसेसनी मिळून घेतला तर परवडतो. त्याची उंची कुत्र्याला अडचणीची, आणि जाड प्लॅस्टिक असल्याने घुशीला वेळ लागतो. नुसता उभा ठेवला तर डुकराच्या एका मुसंडीत आडवा होतो आणि झाकण आपोआप उघडतं. म्हणून भिंतीत दोन आकडे ठोकायचे आणि मोटरसायकलच्या मागे सामान बांधतो ती आकड्यांची रबरी दोरी आडवी ताणायची, झाकणाच्या वरून दुसरी. आमच्या ओळीत तीन घरांचा मिळून असा डबा आहे, त्यात आम्ही फक्त सुका कचरा टाकतो. गेल्या पावसाळ्यापासून एकदाही पडलेला नाही.

सुका कचरा हा शब्द मात्र घरातल्या सगळ्यांनी मनावर घ्यायला हवा. २०१६ च्या नियमांपासून ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा आहेच. पण दंडाची भीती नको, साधा हिशेब करा: आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओलाच असतो, आणि जनावर येतं ते त्याच्यासाठी. पार्सलची श्रीखंडाची डबी न धुता सुक्यात टाकली, की सगळं मुसळ केरात.

जाळीचा पिंजरा

माकडांवर खात्रीचा मला माहीत असलेला हा एकच उपाय. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलची चौकट, तिला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. अर्ध्या इंचात घूस आणि मोठा उंदीर अडतो. चिमुकला उंदीर अडवायचा तर पाव इंच लागेल, पण त्याच्यासाठी एवढा खर्च कशाला. खाली सिमेंटचा चार बोटं उंच ओटा करा, धुतल्यावर पाणी वाहून जाईल असा उतार द्या. नुसत्या मातीवर ठेवलात तर घूस खालून उकरून येईल. कडी अशी निवडा की ती आधी उचलावी लागेल आणि मग सरकवावी लागेल. एका झटक्यात सरकणारी कडी माकड दुसऱ्या दिवशी उघडतं. रंगाआधी प्रायमरचे दोन हात नक्की मारून घ्या, फॅब्रिकेशनवाले एकावर भागवतात.

वास मात्र पिंजरा अडवत नाही. कुत्री बाहेर बसून राहतात. आणि सगळ्या पर्यायांत हा महाग.

मडकं, टोपली, खतखड्डा

अंगण असेल तर सालं, देठं, चहाचा चोथा यांचं खत करणं छानच, फाटकाशी जाणारा ओला कचरा अर्ध्यावर येतो. टोपलीत दर थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा पडला नाही तर वास सुटतो आणि चिलटं होतात. शिजलेलं अन्न, तेलकट तर्री, मासे, हाडं यांत घालायची नाहीत. ती घातलीत तर तुम्ही जनावरांसाठी मातीखाली जेवण वाढून ठेवताय. जमिनीतल्या खड्ड्याला तळापासून तीच अर्ध्या इंची जाळी हवी. पावसाळ्यात वर पत्रा हवा. ज्यांना रोज पाच मिनिटं देणं जमत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची पहिली टोपली आळसापायीच नासली.

फिनाईल, मिरचीपूड, डांबरगोळ्या यांवर दोन ओळींहून जास्त नको. पाऊस धुऊन नेतो, कुत्र्यांना सवय होते, आणि फिनाईल लागलेलं खरकटं गाईच्या पोटात जातं. विष किंवा फासे यांचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. बिबट्या दिसला किंवा एखादं जंगली जनावर अडकलं तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

मग घ्यायचं काय?

शहरात तळमजल्याला राहत असाल आणि त्रास कुत्र्यांचाच असेल तर रबरी कडेचा छोटा क्लिपवाला डबा ओल्यासाठी घ्या आणि तो रात्री आत ठेवा. बाहेर सुक्याचा कुठलाही चालेल. घंटागाडीची घंटा ऐकली की ओला डबा बाहेर न्यायचा, रिकामा करून परत आत. आंघोळीत असताना गाडी गेली तरी डबा आतच राहू द्या, फाटकाला टांगून ऑफिसला जाऊ नका.

मळ्याच्या, नाल्याच्या किंवा डोंगराच्या कडेला असाल तर शेजाऱ्यांबरोबर चाकांचा डबा सुक्यासाठी, सालांना खत, आणि ओलं काहीही रात्री कुंपणाबाहेर नाही. एकट्या घराने केलं तर उपयोग कमी. पलीकडच्या बंगल्याचा डबा उघडा असेल तर कुत्री तुमच्या फाटकावरूनच जाणार. तेवढं बोलायचं धाडस करा. माकडं असतील तरच पिंजऱ्यावर खर्च करा, नाहीतर ते पैसे जाळीच्या दारासाठी ठेवा.

आणि रविवारच्या रश्श्याची हाडं, माशांचे काटे? ते आम्ही जुन्या दुधाच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकतो आणि सकाळी घंटा वाजली की थेट गाडीत. गोठलेल्याला वास नसतो, खर्च शून्य. आमच्या आईने एकच अट घातलीय, चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत फ्रीझर रिकामा हवा, तिथे नारळाचा चव ठेवायचा असतो.