ताईंनी तर फाइल पाठवलीसुद्धा

नव्या व्यावसायिक नाटकाच्या पोस्टरचं काम होतं. शीर्षकाची अक्षरं मी करायची, चित्र माझ्या नाशिकच्या मैत्रिणीने. मी पुण्यात. आमची ओळख जुनी, पण एकाच कामावर दोघांनी हात ठेवायची ही पहिलीच वेळ.

काम आणलं निर्मात्याच्या व्यवस्थापकाने. बोलायला अतिशय गोड. "सर, कमल शेडग्यांच्या काळी लोक पेपरात नुसतं अक्षर बघून नाटक ओळखायचे. तसं काहीतरी हवंय." नाटकांच्या शीर्षकांची अक्षरं करणाऱ्या शेडग्यांचं नाव घेतलं की माझ्यासारखा माणूस विरघळतो, हे त्याला बरोबर ठाऊक असणार. माझे १८ हजार ठरले, तिचे २२ हजार. दोन्ही बोलणी फोनवर, वेगवेगळी. इथेच पहिली चूक झाली. आम्ही दोघं अक्षरांबद्दल तासन्‌तास बोलायचो, पैशांबद्दल मात्र एकमेकांशी चकार शब्द नाही. मित्रांत कसं विचारायचं!

काम मात्र मस्त रंगलं. नाटकाच्या नावातलं शेवटचं अक्षर दीर्घ वेलांटीचं. बोरूने ते पस्तीसेक वेळा लिहिल्यावर एकदा वेलांटीचा वरचा फराटा लांबच लांब उजवीकडे गेला. तो कागद मी सहज तिला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिने त्या फराट्यावर कावळा बसवून पाठवला. वेलांटीचीच फांदी झाली होती. मग मी शिरोरेषा थोडी खडबडीत केली, तिने सालीचा पोत तिथपर्यंत आणला, आणि शेवटी अक्षर कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं ते आम्हालाही सांगता येईना. असं काम वर्षा-दोन वर्षांतून एखादंच होतं.

पुढचं सगळं एका संध्याकाळी घडलं. सहा वाजता व्यवस्थापकाचा मला फोन. उद्याच्या पेपरला जाहिरात द्यायची आहे, दोन कॉलमच्या मापात बसवायची आहे, जेपीजी चालणार नाही, ओपन फाइल हवी, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ फाइल. मी म्हटलं, आधी निम्मे पैसे ठरले होते ना? त्यावर तो म्हणाला, "सर, ताईंना कालच निम्मे दिले. त्यांनी तर लेअरसकट फाइल पाठवलीसुद्धा. तुमचे सोमवारी टाकतो. आता फक्त तुमच्यामुळे अडलंय."

माझ्यामुळे अडलंय म्हटल्यावर मला लाजच वाटली. तिने विश्वास ठेवला आणि मी पैशांवर अडून बसलोय, असं वाटलं. साडेसहाला मी इलस्ट्रेटरची मूळ फाइल पाठवून दिली.

त्याच सुमारास त्याने तिला फोन केला होता. "सरांना निम्मे मिळाले, त्यांची फाइल आली, आता फक्त तुमच्यामुळे अडलंय ताई." तिने पावणेसातला पाठवली. पैसे दोघांपैकी कुणालाच मिळाले नव्हते. मी तिला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

सोमवार गेला. मग 'बुकिंग लागू दे', मग 'कार्य घरचं आहे', मग पहिल्या प्रयोगाचे पहिल्या रांगेतले दोन पास, मग फोन बंद. तीन आठवड्यांनी तिनेच भीत भीत विचारलं, "तुला तरी मिळाले ना रे सगळे?" मी म्हटलं, "तुला निम्मे मिळाले होते ना?" दोघंही फोनवर गप्प.

निर्मात्याला जाऊन भेटलो. त्याने वही काढून दाखवली. पोस्टरच्या नावावर रक्कम उचलली गेली होती, तीही आम्ही सांगितल्यापेक्षा जास्त. तो व्यवस्थापक तोपर्यंत काम सोडून गेला होता. निर्मात्याने दोघांत मिळून १० हजार हातावर ठेवले आणि वर चहा पाजला. उरलेले ३० हजार आजही येणं आहे.

ओळखीच्या वकिलीणबाईंकडे गेलो तर तिथेही आमचीच शाळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला ठरवून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरू शकतो. मला वाटायचं, हात ज्याचा हक्क त्याचा! हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच, आणि त्यात मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरतात. शिवाय लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी असती, तर लेखी मुदत ठरलेली नसताना १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं निर्मात्याला भाग पडलं असतं. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं ते वेगळंच. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट. पण ती काम देण्याआधीच केलेली बरी. बोरू घेऊन बसणारा माणूस स्वतःला सूक्ष्म उद्योग कशाला म्हणेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

आता आम्ही दोघं मिळून एकच कोटेशन देतो, दोघांच्या सहीचं, आणि पैसे एकाच खात्यात घेतो. दाखवायला लहान जेपीजी, त्यावर आडवं नाव. ओपन फाइल पूर्ण पैसे आल्यावर, तीही मागितली आणि तिचे वेगळे ठरले असतील तरच. आणि कुणी "दुसऱ्यांनी तर दिलं" म्हणालं की त्याला होल्डवर ठेवून पहिला फोन दुसऱ्याला. गेल्या महिन्यात एका नृत्यमहोत्सवाच्या माणसाने अगदी हेच वाक्य उच्चारलं. बिचाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही. तरी मी तिला फोन केलाच.

त्या नाटकाचे प्रयोग अजून अधूनमधून लागतात. परवा पेपरात जाहिरात दिसली. माप लहान म्हणून कुणीतरी माझं शीर्षक काढून तिथे साधा फॉन्ट बसवलाय. वेलांटी गेली, पण कावळा ठेवलाय. फांदीशिवाय, कोऱ्या जागेत, पाय आवळून बसलेला.