फुटहिल की डी अँझा?

बारावीचं वर्ष संपत आलं की कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-क्युपर्टिनोच्या मराठी घरांत, या दोनपैकी कुठल्या कम्युनिटी कॉलेजात जायचं, हा प्रश्न निघतोच. नाशिकच्या आजीला "कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय गं?" हे (मुख्यतः दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, जिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) फोनवर समजावणं हा वेगळाच पेपर.

आधी पैशांचं. दोन्ही कॉलेजं एकाच कॉलेज डिस्ट्रिक्टची, म्हणजे एकाच प्रशासनाखालची, त्यामुळे फी सारखीच: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (म्हणजे एका श्रेयांकाला) 31 डॉलर. दोन्हीकडे क्वार्टर पद्धत. एक सत्र बारा आठवड्यांचं, म्हणजे पुस्तक हातात पडेपर्यंत मिडटर्म दारात. सेमिस्टरच्या सवयीने निवांत राहणारी मुलं इथे हमखास आपटतात.

फुटहिल थोरलं. 1958 मध्ये माउंटन व्ह्यूतल्या एका जुन्या शाळेत वर्ग सुरू झाले आणि 1961 मध्ये कॉलेज लॉस अल्टोस हिल्सच्या टेकडीवर गेलं. अर्नेस्ट कम्प यांच्या आराखड्यातल्या त्या उतरत्या, रुंद छपरांच्या बैठ्या इमारती मला अजूनही कॉलेजपेक्षा थंड हवेच्या ठिकाणचं गेस्ट हाउस वाटतात. गाडी मात्र खाली लावायची आणि पायऱ्या चढायच्या. आठच्या लेक्चरला हा हिशेब धरूनच निघा. डेंटल हायजीन, रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी, प्राण्यांच्या दवाखान्यातलं तंत्रज्ञ-शिक्षण असलं काही मनात असेल, तर फार खल करू नका, फुटहिलच. डेंटल हायजीनची चार वर्षांची पदवीही तिथेच मिळते. सनीव्हेलमध्ये 2016 पासून त्यांचं एक छोटं केंद्रही आहे.

डी अँझा 1967 चं, क्युपर्टिनोच्या सपाटीवर, द्राक्षमळ्यांच्या जुन्या इस्टेटीत. त्या इस्टेटीचा बंगला आवारात अजून उभा आहे. इथल्याच फ्लिंट सेंटरमध्ये जानेवारी 1984 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पिशवीतून मॅकिंटॉश बाहेर काढला. ते सभागृह 2019 मध्ये बंद झालं, तेव्हा त्या कौतुकापायी प्रवेश घेऊ नका. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, बिझनेस करून दोन वर्षांनी यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) जायचं असेल, तर माझं मत डी अँझाला. त्याच वाटेवरची मुलं आजूबाजूला भरपूर, अभ्यासाला जोडीदार लगेच मिळतो. नर्सिंग आणि ऑटो टेक्नॉलॉजीही इथेच. उणी बाजू म्हणजे गर्दी.

हमीचा प्रवेश, म्हणजे टॅग, दोन्हीकडून मिळू शकतो, पण यूसीच्या सहाच कॅम्पसना. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. "टॅग आहे ना, मग बर्कली पक्कं" असं पार्टीत कुणी सांगितलं, तर त्यांना समोसा द्या आणि विषय बदला.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: नाव एकीकडे घालून एखादा विषय दुसरीकडे घेता येतो. डी अँझात गणिताचा वर्ग भरला असेल, तर फुटहिलचं वेळापत्रक उघडून बघा. 280 हायवेवरून पंधरा मिनिटांचा तर रस्ता. पायऱ्यांची पाच मिनिटं वेगळी.