टीव्हीवर रंग गायब: व्हीजीए की एचडीएमआय?

जुना लॅपटॉप व्हीजीएने (चित्र नेणारी जुनी, पिनांची केबल) टीव्हीला जोडला, तर बातम्या देणारी बाई निळसर-हिरवी! व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या पिना वेगळ्या असतात: १, २, ३. माझ्या केबलची पहिली पिन वाकून आडवी झालेली, म्हणून लाल गेला. भुवयांच्या चिमट्याने हलकेच सरळ केली, बाईच्या गालावर रक्त परतलं.

एचडीएमआयमध्ये (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी नवी डिजिटल केबल) असा एकच रंग सहसा जात नाही; केबल बिघडली तर ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं. रंग नुसते फिके असतील तर सेटिंग बघा. कधी कधी कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या पातळ्या १६ ते २३५ अशा पाठवतो, टीव्ही ० ते २५५ धरून बसतो, आणि काळा राखाडी दिसतो. दोन्हीकडे रेंज एकच ठेवा.

मी तरी एचडीएमआयच घेईन; आवाजाची वेगळी वायरही वाचते.