चपट्या तोंडाची की बॉनेटवाली? कॅब-चॅसी घेण्याआधी

कॅब-चॅसी म्हणजे नुसती केबिन आणि चाकांवरचा सांगाडा, मागची बॉडी आपण बांधून घ्यायची. तिचे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत. पहिली सात वर्षं चपट्या तोंडाची गाडी होती, गेली चार वर्षं बॉनेटवाली आहे. माझा धंदा फॅब्रिकेशनचा, त्यामुळे दोन्ही चॅसींवर बॉडी मीच बांधली. पुढचं सगळं त्या अनुभवावरचं आहे, मोजमाप करून काढलेलं नाही. तुमचं काम वेगळं असेल तर हिशेबही वेगळा लागेल.

चपटीचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. केबिन इंजिनावर बसते, म्हणून तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा मिळतो. इसुझू एल्फ १९५९ साली आली, फुसो कँटर १९६३ साली. हीच घडण आजही इतकी विकली जाते ती उगाच नाही. सीटवर बसलात की तुमच्या बुटापुढे हातभरावर गाडी संपते. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की अरुंद बोळात एका दमात वळते. बॉनेटवालीला तिथेच मागेपुढे करावं लागतं. नवीन गाडीचं नाक कुठे संपतं हे मला पहिले दोन महिने कळतच नव्हतं. डावा कोपरा एका फाटकाच्या खांबाला घासून घेतला, तेव्हा कळलं. रिव्हर्सला मात्र दोघी सारख्याच आंधळ्या.

आणखी एक गोष्ट चपटीच्या बाजूने जाते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. कॅटलॉगमध्ये व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, बघून खूश होऊ नका, केबिनच्या पाठीपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत किती अंतर मिळतं ते बघा. व्हीलबेस तेवढाच असला तरी बॉनेटवालीत हे अंतर कमी भरतं. मग हौदा लांब केला की तो चाकामागे लोंबतो आणि शेपटाकडे वजन ठेवलं की पुढची चाकं हलकी पडतात. माझा पहिला आराखडा मी याच कारणाने हौद्याची एक फूट लांबी कापून बदलला.

मग मी बॉनेटवाली का घेतली? एका बेल्टमुळे.

चपटीत ऑइलची काडी आणि पाणी बघायला केबिन उचलावी लागत नाही, हे मान्य. पण त्यापुढचं काहीही करायचं म्हणजे लॉक सोडा, केबिन पुढे झुकवा. आत ठेवलेला टेप, गुण्या, खडू, वेल्डिंग रॉडचं अर्धं पाकीट, बाटली, सुटे पैसे, सगळं घरंगळत काचेवर. याची सवय होते, त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती छतावरच्या मालाची. पाईप येतो सहा मीटरचा, माझा हौदा तीन मीटरचा. म्हणून केबिनवरून पुढे जाणारा रॅक मी हौशीने वेल्ड करून टाकला होता. एका दुपारी भर रस्त्यात बॅटरीचा दिवा लागला, पाठोपाठ गरमीचा काटा चढला. बेल्ट गेला होता. नवा बेल्ट सीटमागेच होता, पण केबिन उचलणार कशी? वर बावीस पाईप. एकट्याने सगळे सोडून रस्त्याकडेला रचले, लॉक काढला, केबिन वीतभर उचलली आणि ती रॅकच्या आडव्या पट्टीला ठण्ण करून लागली. त्या फटीतून हात घालून बेल्ट बसतो का बघितलं. बसला नाही, कोपरापाशी भाजलं मात्र. शेवटी मेकॅनिकच्या ग्राइंडरने माझीच वेल्डिंग मी कापली.

चूक माझी, हे उघड आहे. केबिन झुकायला जागा सोडूनच बॉडी बांधायची असते आणि रॅक बोल्टचा करायचा असतो. नंतर तो तसा केलाही. पण पाईप उतरवल्याशिवाय केबिन काही उठत नाही. आताच्या गाडीत दांडी ओढतो, बॉनेट वर करतो, बेल्ट बघतो. पाईप जिथल्या तिथे.

बाकीचे फायदे मला नंतर कळले. इंजिन बुडाखाली नसल्याने उन्हात केबिन कमी तापते. सीट ॲक्सलच्या मागे असल्याने खड्ड्यात पाठ कमी आपटते. घरच्यांना घेऊन लांब जायचं असेल तर हा फरक फार जाणवतो. आईला चपटीत चाकावरून चढवायला स्टूल लागायचं, आता ती एका पायरीवर चढते.

वजनाच्या बाबतीत कोणत्याही तोंडाची गाडी सवलत देत नाही. समजा एकूण मंजूर वजन ३,५०० किलो आणि चॅसी १,८०० किलोची. त्यावर ४५० किलोची लोखंडी बॉडी, दोन माणसं आणि अवजारं मिळून २५० किलो. मालाला उरले १,००० किलो. म्हणून हौद्याच्या बाजूचे फाळके तरी ॲल्युमिनियमचे करा. आणि बॉडी चॅसीच्या रेलवर वेल्ड करायला कोणी निघाला तर त्याला तिथेच थांबवा. बॉडीवर वेल्डिंग करतानाही आधी बॅटरी सोडायला सांगा.

मधला मार्गही आहे. टाटा ४०७ सारख्या गाडीत छोटं बॉनेट आणि अर्धं इंजिन केबिनमध्ये असतं. मी ती स्वतःची म्हणून वापरलेली नाही, त्यामुळे बोलत नाही.

रोज बोळातून डिलिव्हरी, बंद खोक्याची बॉडी, छतावर काही नाही, असं काम असेल तर चपटी घ्या, माझं ऐकू नका. शिडी, पाईप, लाकूड वर बांधून नेणार असाल किंवा मागे राहण्याजोगी खोली बांधून भटकणार असाल, तर मला वाटतं बॉनेटवाली कमी रडवेल. पैसे भरण्याआधी शोरूमवाल्याला एवढंच सांगा, की बेल्ट कुठे आहे तो दाखव. तो किती वेळ घेतो ते उभं राहून बघा.