‘नीरपरवै’ : विट्याच्या माळावरून पाहिलेला समुद्र

सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर तालुक्यातील कुटुंबे देशभर पांगली असल्याने आमच्या विट्यात तमिळ समजणारा माणूस शोधावा लागत नाही. शेजारचे आप्पा मदुराईत तीस वर्षे गलाईचे दुकान चालवून गावी परतले आहेत. सीनू रामसामी दिग्दर्शित ‘नीरपरवै’ (२०१२) हा तमिळ चित्रपट त्यामुळे त्यांच्याच घरी बसून पाहिला.

वृद्ध एस्तर (नंदिता दास) राहते घर विकू देत नाही. त्याच घरात मुलाला सांगाडा सापडतो, पोलीस तिला घेऊन जातात आणि कथा तिच्या तरुणपणाकडे वळते. अरुळप्पासामी (विष्णू विशाल) हा दारूपायी गावभर हात पसरत फिरणारा तरुण. पैसे मागायला आलेल्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून तरुण एस्तर (सुनयना) त्याच्यातला सैतान जावा म्हणून प्रार्थना करते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा ओशाळलेपणा मला पुढच्या साऱ्या प्रेमप्रसंगांपेक्षा खरा वाटला. तोवर मात्र त्याचे पिणे आणि पडणे इतक्या वेळा दाखवले आहे की काकू मध्येच उठून भाकऱ्या थापायला गेल्या.

चित्रपट खरा पकड घेतो तो त्याची दारू सुटल्यावर. अरुळ लहानपणी भर समुद्रात सापडलेला, जन्मदात्यांना तिथेच गोळीबारात गमावलेला पोर. पण जन्माने कोळी नाही, म्हणून मासेमारीचा हक्क त्याला गाव देत नाही. ज्या पाण्याने त्याला गावाच्या ओटीत टाकले, तेच पाणी त्याला परके ठरवले जाते. मग मिठागरात राबणे आले, आणि नाव बांधणाऱ्या उदुमान गनीची (समुद्रकनी) मदतही. इथे आप्पांनी चित्रपट थांबवला. ‘मीनवर’ म्हणजे मासे धरणारा खरा, पण तिकडे तो शब्द धंद्याइतकाच जातीचाही असतो, असे ते म्हणाले. ‘मीन’ आपल्याला परका नाही. पडद्याखाली धावणाऱ्या इंग्रजी ओळींत मात्र यातले काहीच उतरले नव्हते, आणि अण्णा, तंबी, अय्या या सर्वांची बोळवण एकाच शब्दावर झाली होती.

अरुळला वाढवणाऱ्या आईची भूमिका सरण्या पोन्वण्णन यांनी केली आहे. याच दिग्दर्शकाच्या ‘तेन्मेर्कु परुवक्काट्रु’साठी त्यांना २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि तो ‘बाबू बँड बाजा’साठी आपल्या मिताली जगताप-वराडकर यांना विभागून होता. सरण्या इथे फारसे बोलत नाहीत, आणि तेच बरे आहे.

१९७४ च्या करारानुसार कच्चतीवू बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेले आणि तमिळनाडूच्या कोळ्यांची जाळी सागरी सीमेच्या भांडणात सापडत राहिली, एवढे ठाऊक असेल तर गोळीबाराचा धागा लवकर उलगडतो. न्यायालयातील प्रसंग मला थोडे भाषणी वाटले. आप्पांना नाही वाटले.

चित्रपट संपेपर्यंत काकू परत येऊन बसल्या होत्या. एस्तरने घर का सोडले नाही, हे कळल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मग ती जमीन ती रोज झाडत कशी असंल?”